हिरडी खाली सरकलीय, ग्राफ्ट करायला सांगितलंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिरड्यांचा दवाखाना चालवताना रोज कानावर पडणारे हे प्रश्न आहेत, आणि पेशंट विचारतात त्याच भाषेत ठेवलेत. काहींची उत्तरं लांब झाली आहेत, काहींना एक ओळ पुरली. ग्राफ्ट म्हणजे तोंडातल्या टाळूचा छोटा तुकडा काढून हिरडी कमी आहे तिथे बसवणं, त्याबद्दल सविस्तर पुढे.

दात लांब दिसायला लागलेत. या वयात दात वाढतात का?

दात आहे तेवढाच आहे. हिरडी सरकली आहे, खालच्या दातांवर खाली आणि वरच्या दातांवर वर. त्यामुळे एरवी झाकलेलं मूळ उघडं पडलंय. आरशात नीट बघितलंत तर दाताचा पांढरा भाग संपून पिवळसर भाग सुरू झालेला दिसेल, तेच मूळ. त्याच्यावर दाताचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, नसतं. वरचा पातळ थर झिजला की आतल्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडतात आणि माठातलं पाणी प्यायलं तरी डोक्यापर्यंत सणक जाते. नख फिरवल्यावर दाताच्या मानेशी खाच लागत असेल, तर तिथे झीजही झालेली आहे.

मी तर दिवसातून दोनदा चांगला घासून ब्रश करते. तरी हिरडी का गेली?

बऱ्याचदा त्या ‘चांगला घासून’मुळेच. तोंड अतिशय स्वच्छ, एक कीड नाही, आणि सुळ्यावरची हिरडी तीन मिलिमीटर खाली, असे पेशंट आम्हाला नेहमी दिसतात. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांची हिरडी बहुधा डाव्या बाजूला, सुळा आणि त्यामागच्या दाढेपाशी जास्त गेलेली असते. ब्रश तोंडात घातल्यावर पहिला जोर तिथेच बसतो ना! म्हणून पहिल्या भेटीला मी घरचा ब्रश घेऊन यायला सांगतो. दोन महिन्यांत केस चहूबाजूंनी फाकून झाडूसारखे झाले असतील, तर निम्मं निदान पिशवीतून ब्रश बाहेर येताच होतं.

पण सगळा दोष ब्रशचा नाही. काहींची हिरडी जन्मतःच पातळ असते, खालून मुळाचा उंचवटा जाणवतो. काहींचा दात रांगेच्या थोडा बाहेर असतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला हाडच नसतं. जिथे हाड नाही तिथे हिरडीला आधार नाही. काहींच्या ओठाला हिरडीशी जोडणारी दोरी हिरडीच्या कडेपर्यंत आलेली असते आणि बोलताना, हसताना ती कड ओढली जाते. पायोरियात हाड झिजून हिरडी खाली जाते, तो प्रकार वेगळा आणि जास्त गंभीर. आणि तंबाखू. खालच्या ओठाच्या आत जिथे चिमूट धरतात, नेमकी तिथली हिरडी गेलेली असते. गावाकडून येणाऱ्या आजी ‘मी तंबाखू खात नाही’ असं शपथेवर सांगतात आणि मशेरी दिवसातून चार वेळा लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आजी.

तेलाच्या गुळण्या, हळद, खोबरेल, आवळा... याने हिरडी परत वर येईल का?

नाही. हिरडी नखासारखी किंवा केसासारखी वाढून परत येत नाही. गुळण्यांनी तोंड ताजं वाटेल, तेवढंच. कोळशाची पूड, मीठ आणि जाडसर दंतमंजन मात्र बोटाने रगडू नका, उघड्या मुळावर ते पॉलिश पेपरसारखं चालतं.

दात साफ करून घेतले आणि त्यानंतरच फटी पडल्या, हिरडी खाली गेली. डॉक्टरांनी बिघडवलं का?

ही तक्रार इतकी ऐकू येते की तिच्यासाठी जरा थांबतो. वर्षानुवर्षं साठलेलं किटण दातांच्या फटीत सिमेंटसारखं बसलेलं असतं आणि त्याभोवतीची हिरडी सुजून फुगलेली असते. दोन्ही मिळून फट झाकतात. साफसफाईत किटण निघतं, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते आणि हिरडी तिच्या खऱ्या जागी जाऊन बसते. ती जागा आधीच खाली गेलेली होती, दिसत नव्हती इतकंच. साफसफाई केली नसती तर फट दिसली नसती हे खरं, पण आतलं हाड झिजत राहिलं असतं. ही गोष्ट यंत्र चालू करायच्या आधी पेशंटला सांगायला हवी. आमच्यातले बरेच जण ती नंतर सांगतात आणि मग ती सबब वाटते.

मला ऑपरेशन करावंच लागेल का?

बहुतेकांना लागत नाही, निदान लगेच तरी नाही. पंचावन्नाव्या वर्षी दोन दातांवर दीड मिलिमीटर हिरडी गेलेली आहे, दुखत नाही, दहा वर्षांत हललेली नाही, अशा माणसाच्या टाळूला कात्री लावायचं मला कारण दिसत नाही. आम्ही बारीक खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताचं माप घेतो, फोटो काढतो, ब्रशची पद्धत बदलतो, मुळाच्या झिणझिण्यांसाठी पोटॅशियम नायट्रेटसारखा घटक असलेली पेस्ट देतो आणि सहा महिन्यांनी परत माप घेतो. आकडा तिथेच असेल तर नजर ठेवायची.

ग्राफ्टचा विचार कधी करायचा? माप वाढत चाललंय. हिरडीची घट्ट, गुलाबी पट्टी उरलेलीच नाही आणि ब्रश लागला की दुखतं, म्हणून माणूस तिथे ब्रशच करत नाही. पेस्ट लावूनही सणक जात नाही. उघड्या मुळाला कीड लागायला लागली. किंवा हसताना दिसतं आणि त्याचा मनाला त्रास होतो. दिसण्याचं कारण सांगायला लोक लाजतात. लाजू नका, तेही कारणच आहे.

ग्राफ्ट म्हणजे नक्की काय करतात?

टाळूतला एक छोटा तुकडा काढून जिथे हिरडी कमी आहे तिथे बसवतात. शेतकऱ्याला कलम म्हटलं की लगेच कळतं.

त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात, फ्री जिंजायव्हल ग्राफ्टमध्ये, टाळूच्या वरच्या कातडीसकट पातळ पापुद्रा घेतात. तो टिकाऊ, जाड हिरडी देतो, पण रंगाने फिका राहतो, ठिगळ लावल्यासारखा. खालच्या पुढच्या दातांवर, जिथे ओठ सहसा झाकून घेतो, तिथे अजूनही तो उत्तम. दुसरा कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट, १९८५ पासून रूढ झालेला. यात टाळूची वरची कातडी जागेवर ठेवून तिच्या खालचा थर काढतात, तो दातापाशी हिरडीच्या खाली सरकवतात आणि तीच हिरडी वर ओढून टाके घालतात. रंग जुळतो आणि टाळूची जखम बहुधा शिवून बंद करता येते. हसताना दिसणाऱ्या दातांसाठी बहुतेक डॉक्टर हाच निवडतात.

टाळूतून कापून काढलेला तुकडा दुसरीकडे जिवंत कसा राहतो?

हा प्रश्न विचारणारा पेशंट मला आवडतो, कारण पुढची सगळी पथ्यं याच उत्तरातून निघतात.

तुकडा काढला त्या क्षणी त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी ठेवल्यावर पहिले दोन-तीन दिवस तो खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतो, फडक्याने पाणी शोषावं तसा. त्यानंतर खालच्या आणि बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. आठवडा-दहा दिवसांत त्याचा नवा पुरवठा बऱ्यापैकी चालू होतो. आता अडचण बघा: तुकड्याचा मधला भाग उघड्या मुळावर बसलेला असतो आणि मुळाला रक्तवाहिन्या नसतात. तो भाग केवळ कडांकडून येणाऱ्या रक्तावर जगतो. म्हणून आम्ही मुळाच्या दोन्ही बाजूंना तो ऐसपैस बसेल अशी जागा तयार करतो, टाके केसासारख्या बारीक दोऱ्याने घालतो आणि शेवटी ओल्या गॉजने काही मिनिटं दाबून धरतो, जेणेकरून खाली रक्ताची जाड गुठळी राहू नये.

आणि म्हणूनच तो हलता कामा नये. एका काकांनी तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ओठ ओढून ‘बघा, इथे लावलंय’ म्हणून दाखवलं. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा एक टाका सुटला होता आणि ग्राफ्टची एक कड उचलली गेली होती. दाखवायची हौस असेल तर आधीचा फोटो दाखवा.

मूळ पूर्ण झाकलं जाईल याची खात्री आहे का?

ते ऑपरेशनच्या आधीच बऱ्यापैकी सांगता येतं, आणि डॉक्टरने सांगायलाही हवं. दोन दातांमधली हिरडी आणि हाड किती शिल्लक आहे यावर सगळं अवलंबून आहे. पूर्वी यासाठी मिलर या हिरडीतज्ज्ञांचं १९८५ चं वर्गीकरण वापरत, आता कैरो या हिरडीतज्ज्ञांचं २०११ चं जास्त वापरतात. त्यात तीन गट आहेत. फटीतलं हाड शाबूत असेल तर पहिला गट, आणि पूर्ण झाकलं जाण्याची चांगली शक्यता. फटीतलंही थोडं गेलं असेल तर दुसरा, त्यात बहुधा अर्धंमुर्धं झाकलं जातं. समोरच्यापेक्षा फटीतलं नुकसान मोठं असेल तर तिसरा. तिथे पूर्ण झाकण्याचं आश्वासन देणाऱ्यापासून जपून राहा. पायोरियाने दातांमध्ये पडलेले काळे त्रिकोण ग्राफ्टने भरत नाहीत.

निकाल बघायची घाई करू नका. सूज उतरून, रंग बसून हिरडी स्थिर व्हायला सहा महिने तरी जातात. काही पेशंटमध्ये, विशेषतः जुन्या प्रकारच्या ग्राफ्टनंतर, हिरडीची कड पुढे कित्येक महिने हळूहळू आणखी थोडी चढत जाते.

टाळू फार दुखते असं ऐकलंय.

खरं आहे. ग्राफ्टच्या जागेपेक्षा टाळूच जास्त त्रास देते. खूप गरम पोळी खाल्ल्यावर टाळूची साल जाते ना, तसंच, पण आठवडाभर. कातडीसकट काढलेल्या प्रकारात जखम उघडी राहते, म्हणून ती जास्त चुरचुरते. शिवून बंद केलेल्या प्रकारात कमी. टाळूवर बसणारी पातळ प्लॅस्टिकची प्लेट आधी माप घेऊन करून ठेवली तर जेवताना फार आराम पडतो. तुमचे डॉक्टर स्वतःहून बोलले नाहीत तर तुम्ही विचारा. दोन ते चार आठवड्यांत टाळू भरून येते.

टाळूला हात न लावता करता येत नाही का? आणि मी शाकाहारी आहे, बाहेरचं काही घातलेलं चालणार नाही.

पर्याय आहेत. स्वतःच्या हाताच्या शिरेतून रक्त काढून, ते यंत्रात फिरवून त्याचा जेलीसारखा पापुद्रा करतात, त्याला पीआरएफ म्हणतात. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तयार पडदे मिळतात. छोट्या छिद्रातून हिरडी सैल करून उघड्या मुळावर सरकवण्याची पिनहोल पद्धत आहे. हिरडी मुळात जाड असेल तर नुसती वर ओढून शिवली तरी भागतं. यातलं काही ना काही चालतं, पण पातळ हिरडी जाड करायची आणि ती वर्षानुवर्षं टिकवायची, तर टाळूचा तुकडा अजूनही सगळ्यांत भरवशाचा. ‘लेझरने, बिनटाक्याचं, अर्ध्या तासात’ ही जाहिरात ऐकली की मी आधी हिरडीची जाडी विचारतो.

शाकाहाराचा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे आणि तो आधीच विचारा. तयार कोलॅजन प्राण्यांपासून येतं: काही गायीपासून, काही डुकरापासून, काही माशांपासून. टाळूच्या जखमेवर ठेवायचा छोटा स्पंजसुद्धा कोलॅजनचा असू शकतो, हे पुष्कळदा सांगायचं राहून जातं. जैन, वारकरी, मुस्लिम, कुणालाही हे ऑपरेशननंतर कळू नये. पाकिटावर मूळ लिहिलेलं असतं, दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. स्वतःची टाळू आणि स्वतःचं रक्त, यात हा प्रश्नच येत नाही.

साखर आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. चालेल?

साखर आटोक्यात असेल तर चालतं. त्यासाठी तीन महिन्यांच्या सरासरीचा एचबीएवनसी रिपोर्ट लागतो, सकाळची एक तपासणी पुरत नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ‘दात दाखवायला जायचंय म्हणून चार दिवस गोळी सोडली’ असं कुणी सांगितलं की माझ्याच छातीत धडधडतं. तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही बोलून ठरवू. गरोदरपणात हे ऑपरेशन सहसा पुढे ढकलतो.

सिगारेट, तंबाखू थोडे दिवस बंद केली तर?

थोडे दिवस म्हणजे किती, यावर अडतं. धूम्रपानाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ग्राफ्टचा जीव त्याच रक्तवाहिन्यांवर. आधी किमान दोन आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत पूर्ण बंद, ही माझी अट. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पेशंटच्या गालात तो सापडतोच. जिथे पुडी ठेवायची तिथेच ग्राफ्ट लावून घ्यायचा असेल, तर तुमचे पैसे आणि माझे टाके दोन्ही वाया.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं?

पोटभर जेवून या, रोजच्या गोळ्या घेऊन या. दाढ काढताना देतात तीच भूल. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. टाळूतली सुई जराशी टोचते, तेवढा एक क्षण. एका-दोन दातांना तास-दीड तास लागतो. घरी जाताना ओठ जड असतो, कुणीतरी सोबत असलेलं बरं. पहिल्या दिवशी बाहेरून, रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त दिसते, मग उतरते. गालावर निळसर डाग पडला तर घाबरू नका.

काय खायचं?

पहिले दोन दिवस गार आणि पातळ: ताक, गार केलेली पेज, नाचणीची आंबील, आइस्क्रीम. मग मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, शिरा, सगळं कोमट. दुसऱ्या बाजूने चावायचं. स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही आणि खाकरून थुंकायचंही नाही, दोन्हींमुळे गुठळी सुटते. चिवडा, फरसाण, शेंगदाणे, भाकरीचा कडक पापुद्रा, ठेचा हे दोन-तीन आठवडे विसरा. चहाविना डोकं दुखणाऱ्यांनी चहा बशीत ओतून पूर्ण निवल्यावर प्यावा.

उपवासवाल्यांसाठी खास: साबुदाण्याची खिचडी नको. दाण्याचं कूट टाक्यांत जाऊन बसतं आणि काढता येत नाही. वरीचा मऊ भात किंवा राजगिऱ्याची खीर चालेल. खरं तर चातुर्मासातले कडक उपवास आणि हे ऑपरेशन एका महिन्यात आणूच नका.

ब्रश करायचा की नाही?

बाकीच्या दातांना रोजच्यासारखा. ग्राफ्टच्या जागी दोन ते तीन आठवडे अजिबात नाही. तिथे क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने दिवसातून दोनदा, तोंडात धरून, जोरात न खुळखुळता. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि भाजी अळणी लागते. दोन्ही तात्पुरतं आहे. घरी मिठावरून भांडू नका. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा अगदी मऊ ब्रश, हिरडीकडून दाताकडे फिरवत.

चौथा दिवस आहे, ग्राफ्ट पांढराफटक पडलाय. सडला का?

बहुधा नाही. वरचा पातळ थर मरून निघून जातो आणि पहिल्या आठवड्यात पांढरट, पिवळसर साय धरल्यासारखं दिसतं. खालून लालसर होत येतो. ती साय पुसायची नाही, खरवडायची नाही. पू, घाण वास, ताप, किंवा उतरलेलं दुखणं पुन्हा वाढायला लागणं, यातलं काही असेल तर फोन करा.

रात्री टाळूतून रक्त यायला लागलं तर?

थुंकत बसू नका, त्याने थांबत नाही. उठून बसा. स्वच्छ गॉज ओला करून किंवा चहाची डिप बॅग गार पाण्यात भिजवून टाळूवर ठेवा आणि अंगठ्याने वीस मिनिटं सलग दाबा, घड्याळ लावून. दर मिनिटाला उचलून बघितलं की पुन्हा पहिल्यापासून. लाळेत मिसळलेलं थोडं रक्त फार दिसतं. वीस मिनिटं दाबूनही वाहत असेल तर वेळ न बघता डॉक्टरांना उठवा.

खर्च किती? विमा मिळतो का?

दाताच्या संख्येवर, ग्राफ्टच्या प्रकारावर आणि बाहेरचं साहित्य वापरण्यावर अवलंबून आहे, म्हणून लेखी अंदाज मागा आणि त्यात पुढच्या भेटी धरल्या आहेत का ते बघा. शेजारचे दोन-तीन दात एकाच बैठकीत झाले तर टाळूही एकदाच दुखते. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी अपघात सोडून दातांचा खर्च देत नाहीत. परवडत नसेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर दंत रुग्णालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय अशा ठिकाणी हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. फेऱ्या जास्त पडतात आणि हात शिकणाऱ्या डॉक्टरचा असू शकतो, पण शेजारी शिकवणारा उभा असतो.

मी परदेशात असतो, दोन आठवड्यांसाठी घरी येतोय. उरकून घेऊ?

उतरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलंत तरच. टाके काढायला दहा ते चौदा दिवस लागतात. शेवटच्या आठवड्यात, लग्नघरात, जिलेबी-मठ्ठ्याच्या पंगतीत बसून हे होणार नाही.

मुलाला तारा लावायच्या आहेत आणि खालच्या दाताची हिरडी खाली दिसते.

वय लहान असेल तर बऱ्याचदा दात रांगेत आले की हिरडी आपोआप सुधारते, म्हणून थांबून बघतो. मात्र हिरडी फार पातळ असेल आणि तारांनी दात पुढे ढकलायचे असतील, तर आधी ग्राफ्ट करणं शहाणपणाचं ठरू शकतं. तारावाले डॉक्टर आणि हिरडीवाले डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा. पालकांनी मधल्यामध्ये निरोप पोचवू नयेत.

टाके काढताना परत भूल लागते का?

नाही. दोरा कापताना चिमटीचा स्पर्श कळतो, बस. काही टाके विरघळणारे असतात, ते आपणहून पडतात आणि पोटात गेले तरी काही होत नाही. बहुतेकांचं लक्ष टाक्यांकडे नसतंच. खुर्चीतून उठायच्या आत ‘डॉक्टर, आता मिसळ चालेल का?’ हे विचारून होतं. अजून आठवडाभर नाही.